कपाटावरची गिलासांची उतरंड

भूकंपानंतरच्या वर्षी मी लातुरात, एका दुकानावरच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला गेले. नोकरी पक्की नव्हती. आधी एक तास शिकवून दाखवायचा होता. जमलं नाही तर अहमदपूरला परत येऊन शिवणयंत्रावर बसेन, असं मीच आईला कबूल केलं होतं. आणि शिलाईचा मला भयंकर कंटाळा.

क्लासचे मालक, म्हणजे सर, पाच पोरांसोबत शेवटच्या बाकावर दाटीवाटीनं बसले. बाकाला खेटून लोखंडी कपाट आणि त्यावर स्टीलच्या गिलासांची उतरंड. तेव्हा ती बऱ्याच घरांत असायची. जमीन हलली की गिलास पडणार, आवाज होणार आणि माणसं बाहेर पळणार.

मी डबक्यातल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्यातल्या पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या अंगभर बारीक केस. ज्वारीवरून वारा जावा तशी त्यांच्यावरून लाट जाते. "यांना ताल कोण देतं?" मी विचारलं. मुलं वहीत उत्तर शोधायला लागली.

"कुणीच नाही," मीच सांगून टाकलं. "एक केस हलला की पाणी हलतं, पाणी शेजारच्याला ढकलतं आणि हळूहळू सगळे जुळवून घेतात."

कुणालाच पटलं नाही. मग मला अवदसा आठवली. मागच्या पोरांना म्हटलं, "बाक म्हणजे पाणी समजा. आपापल्या मनानं पाय हलवा."

पाय हलवण्यात क्लासची पोरं पटाईतच. आधी नुसता गोंधळ, मग मिनिटभरात पाचही जण एका तालात, आणि नकळत सरांचाही पाय त्यात. बाक डुलायला लागला, कपाटाला धक्के बसायला लागले आणि गिलास धडाधड खाली आले.

सर सगळ्यांच्या आधी रस्त्यावर, तेही अनवाणी. मागोमाग अख्खा वर्ग. खरं कारण मला ठाऊक होतं, तरी मीही पळालेच.

"सर, भूकंप न्हाई झाला," एक पोरगा हसू दाबत म्हणाला. "आमी पाय हलवत होतो. तुमी बी."

सगळे खो-खो हसले. मी मनातल्या मनात शिवणयंत्राला तेल घालायला घेतलं.

सर हसले नाहीत. मुलं पांगल्यावर म्हणाले, "मॅडम, शिकवणं लई पटलं. उद्या सातला या." मग वरच्या खिडकीकडं बघत हळू आवाजात, "फक्त त्या कपाटाला धक्का नगं. गावाकडं आमच्या घरी भूकंपाच्या राती गिलास ठेवलेले नव्हते."

मी वर गेले, पडलेले गिलास गोळा केले आणि पुन्हा एकावर एक रचून ठेवले.