टर्कीचे जाहीर आभार

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच पुढचं सांगतो. केलंत कबूल? साफ खोटं बोलताय. पण असू दे, चहा आता ओतलाच आहे.

मी निलेश, मूळचा कराडचा. नववीत शाळेला रामराम ठोकला, कारण आमच्या घराला शाळेपेक्षा नदी जवळ होती. पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलो, मग दुसऱ्यांच्या पाठीला डबे बांधून त्यांना शिकवायला लागलो. माझं शिक्षण एवढंच. बायको सायली मात्र शिकलेली, नर्स. तिला हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि तिच्या व्हिसाचं शेपूट धरून मीही न्यूझीलंडला पोचलो. इथल्या एका पोहण्याच्या शाळेने मला शिक्षक म्हणून घेतलं. शिक्षक! मला! आमच्या वर्गशिक्षकांनी हे ऐकलं असतं तर हातातला खडू गिळला असता.

पण नोकरी नव्वद दिवसांच्या बोलीवर होती. नव्वद दिवस बघणार, आणि मग ठेवायचं की काढायचं ते मालकीण ठरवणार. मालकीण म्हणजे कॅरोल. मूळची अमेरिकेची, इथल्या माणसाशी लग्न करून इकडे आलेली. माझे नव्वद दिवस सोमवारी भरत होते. शुक्रवारी तिने मला ऑफिसात बोलावलं.

"निलेश, पाण्यात तू मासा आहेस," ती म्हणाली. "पण काठावर नुसता ओंडका. पालकांशी एक शब्द बोलत नाहीस. मला बोलणारा शिक्षक हवाय. उद्या संध्याकाळी माझ्याकडे थँक्सगिव्हिंगचं जेवण आहे. ये. तोंड उघड. सोमवारी आपण तुझ्या कॉन्ट्रॅक्टचं बघू."

आता मला सांगा, लाजाळू माणसाला याहून वाईट शिक्षा कोणती? मी तर दुकानात सुद्धा दूध कुठे आहे हे विचारत नाही. सापडेपर्यंत फिरतो.

थँक्सगिव्हिंग हा काय प्रकार आहे हेही मला ठाऊक नव्हतं. म्हणून श्रीकांतदादाला फोन लावला. हा श्रीकांतदादा इथे बारा वर्षं आहे. नोकरी दुधाच्या कंपनीच्या ऑफिसात, पण बोलणं असं की इथल्या वायकाटो भागातल्या सगळ्या गाई याला विचारून दूध देतात. आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा तो स्वयंघोषित अध्यक्ष. कुणी विचारलं तरी सांगतो, नाही विचारलं तर जास्त सांगतो.

"अरे सोप्पंय!" दादा म्हणाला. "खरं ते अमेरिकेत गुरुवारी असतं. इथे गुरुवारी कोण सुट्टी देणार, म्हणून तुझी मॅडम शनिवारी उरकतेय. जेवण असतं, टर्की म्हणजे कोंबडीसारखाच पण भलामोठा पक्षी असतो, आणि प्रत्येक जण आभार मानतो. आपलं आभारप्रदर्शनच रे! हीप्स ऑफ थँक्स द्यायचे. फक्त एकाचंही नाव सोडू नकोस."

"दादा, तू गेलायस कधी थँक्सगिव्हिंगला?"

"जायला कशाला हवं? कॉमन सेन्स आहे!"

आणि मी गाढव, फोन ठेवला आणि चक्क सुखावलो. कारण आभारप्रदर्शन म्हटलं की माझ्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही. आमच्या मंडळात सलग आठ वर्षं ते काम माझ्याकडे होतं. प्रास्ताविक अध्यक्ष करणार, भाषण पाहुणे करणार, पाहुण्यांचा परिचय अध्यक्षांचा मेव्हणा करणार. आणि लोक चपला शोधायला लागले की माइक नववीत शाळा सोडलेल्याच्या हातात! पण मी ते मनापासून करायचो. वही घेऊन आधी सगळीकडे फिरायचो. मंडपवाले, स्पीकरवाले, भांडी घासणाऱ्या मावशी, कुणाचंही नाव राहू द्यायचो नाही.

नाही म्हणायला एकदाच राहिलं. गिरणीवाले बापू. महाप्रसादाच्या पुऱ्यांचं सगळं पीठ त्यांचं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरा, माझं नाव अजिबात घेऊ नकोस हं. मी नावासाठी करत नाही." मी नवखा. नाही घेतलं. पुढच्या वर्षी महाप्रसादाला पुऱ्या नव्हत्या! बापू वर्षभर माझ्या आईशी सुद्धा बोलले नाहीत. तेव्हापासून मी धडा घेतला. जो माणूस 'माझं नाव घेऊ नकोस' म्हणेल, त्याच्या नावाखाली दोन रेघा मारायच्या.

झालं. ही एवढी अक्कल घेऊन मी न्यूझीलंडमध्ये उतरलो होतो.

शनिवारी सकाळी सहाला मी शाळेचा पोहण्याचा पूल उघडायला गेलो. बघतो तर लहान बाळांच्या गरम पाण्याच्या पुलात काहीतरी काळं, फुगलेलं तरंगतंय. मला वाटलं, कुणीतरी बुडालंय. कपड्यांसकट उडी मारली, ते मिठीत घेतलं, काठावर आणलं. काळी कचऱ्याची पिशवी. आत टर्की.

मागून कॅरोलचा नवरा मरे धावत आला. ढगळ हाफ पँट, पायात जांडल्स म्हणजे आपल्या रबरी चपला, हातात कॉफी.

"मेट, मेट, शांत हो! कॅरोलने बुधवारीच फ्रीजरमधून काढायला सांगितली होती. मी विसरलो. दगड झालाय नुसता. इथे पाणी गरम आहे, नऊपर्यंत वितळेल. फक्त कॅरोलला बोलू नकोस हं. माझं नाव कुठेही नको."

'माझं नाव कुठेही नको.' थेट बापू! मला तर गहिवरून आलं. एवढा मोठा माणूस, बायकोच्या समारंभासाठी पहाटे उठून राबतोय आणि वर नाव नको म्हणतोय.

पिशवी सारखी कलत होती, म्हणून मी तिला मुलांचा फोमचा पट्टा बांधला. पावणेनऊपर्यंत ती टर्की पुलात होती. त्या दिवशीची माझी पहिली विद्यार्थिनी, आणि खरं सांगतो, अजिबात रडली नाही. ती बाहेर काढली आणि नऊला बाळांचा वर्ग सुरू केला.

संध्याकाळी सायलीने मला कॅरोलच्या दारात सोडलं. तिची ड्युटी होती, नऊला न्यायला येणार होती. जाताना म्हणाली, "तोंड उघड रे बाबा. निदान दोन वाक्यं बोल."

"दोन? तू बघच," मी म्हणालो.

मी इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. आणि बाकीचे? सणाला आले होते जांडल्स घालून! इथे नोव्हेंबरात उन्हाळा, म्हणून संध्याकाळीही लख्ख ऊन; घरामागच्या लाकडी ओट्यावर, म्हणजे डेकवर, टेबल मांडलेलं, बारा माणसं. मी वही काढली आणि कामाला लागलो. कुणी काय केलं, कुणी काय आणलं.

आमची रिसेप्शनिस्ट ब्रॉन्विन भोपळ्याचा पाय, म्हणजे गोड सारण भरून भाजलेला पदार्थ, घेऊन आली होती. जुन्या चिनी मातीच्या भांड्यात, कणकेच्या कडेला काट्याने दाबून केलेली सुरेख नक्षी. कॅरोल सगळ्यांना सांगत होती, "आजीची रेसिपी आहे तिच्या!" मी ब्रॉन्विनला म्हणालो, "फार मेहनत झाली असेल."

ती खुदकन हसली, माझ्या कानाशी आली. "सुपरमार्केट, लव्ह. भांडं तेवढं आजीचं. कॅरोलला चुकूनही सांगू नकोस."

दोन रेघा.

मग जॉश. माझ्याबरोबर शिकवतो. गुरुवारी आजारी म्हणून रजेवर होता, म्हणून त्याचे तिन्ही वर्ग मी घेतले होते. "चिअर्स मेट," तो म्हणाला, "रॅग्लनच्या समुद्रावर लाटा काय भारी होत्या! पण गुपचूप हं."

दोन रेघा. किती नम्र माणसं ही, असं मला वाटत होतं. आपल्याकडे निदान एखादा तरी स्वतःहून पुढे येऊन नाव लिहून घ्या म्हणतो.

जेवायच्या आधी कॅरोलने सांगितलं, "आता प्रत्येकाने आपण कशासाठी आभारी आहोत ते सांगायचं." आणि काय सांगू, काय एकेक आभार! ब्रॉन्विन म्हणाली, "माझ्या नव्या गुडघ्यासाठी." एक गृहस्थ म्हणाले, "माझ्या कुत्र्यासाठी." जॉश म्हणाला, "उत्तम तब्येतीसाठी." आमच्या बाळांच्या वर्गातल्या दोन वर्षांच्या लिओची आई म्हणाली, "लिओला इतका स्वच्छ पूल मिळाला त्यासाठी." कॅरोल म्हणाली, "माझ्याशी खरं बोलणाऱ्या माणसांसाठी."

मला मनातून हसू येत होतं. एक वाक्य बोलून बसतात! ना नावं, ना क्रम! आमच्या मंडळात यांना कुणी माइकला हात लावू दिला नसता.

माझी पाळी आली. मी म्हणालो, "मी जेवणानंतर. आभार शेवटी असतात."

सगळे कौतुकाने हसले. कॅरोल तर खूश! ओंडका बोलणार होता.

टर्की सगळ्यांनी पोटभर खाल्ली. लिओच्या आईने दोनदा घेतली. पायच्या ताटल्या पुढे आल्या तेव्हा मी उठलो.  वही उघडली आणि अंगात आठ वर्षं संचारली.

"रिस्पेक्टेड डिग्निटरीज ऑन द डेक," मी सुरुवात केली. "आजचा कार्यक्रम अनेक हातांनी उभा राहिला. काहींनी मला सांगितलं की आमचं नाव घेऊ नकोस. हा त्यांचा मोठेपणा. पण मी घेणारच!"

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. मरेने पण वाजवल्या, बिचाऱ्याने.

"सर्वप्रथम श्री. मरे. दगडासारखी टर्की त्यांनी पहाटे सहाला आपल्या बाळांच्या पुलात सोडली. तीन तास! पिशवी जराशी गळत होती, पण पाण्यात क्लोरीन असल्यामुळे टर्की स्वच्छच झाली. मी त्या पुलाचेही आभार मानतो."

टाळी नाही. मला वाटलं, भारावले.

"कुमारी ब्रॉन्विन. त्यांनी सुपरमार्केटमधून स्वतः जाऊन पाय आणला आणि आजीच्या भांड्यात इतका छान बसवला, की कुणाला कळलं सुद्धा नाही. सुपरमार्केटचे आभार. आजीचेही आभार."

"निलेश," जॉश हळूच म्हणाला, "मेट, बस कर."

बघा! शेवटपर्यंत नम्र! मी त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं.

"आणि श्री. जॉश! गुरुवारी ते रॅग्लनला समुद्रावर गेले, म्हणून मला तीन जादा वर्ग शिकवायची संधी मिळाली. त्यांनी असंच वरचेवर जावं."

मग मी खुर्च्या मांडणाऱ्यांचे, बर्फ आणणाऱ्यांचे आणि कुत्र्याचे आभार मानले, कार्यक्रम संपला असं जाहीर केलं आणि बसलो.

लिओची आई घाईने उठली आणि आत बाथरूमकडे गेली. मग एकेक करून सगळे उठले. मला बरं वाटलं. आभार झाले की माणसं उठतात, ही जगभरची रीत दिसते. कॅरोल अगदी शांतपणे म्हणाली, "मरे, जरा आत ये." चहाचं बघायला नेत असेल असं मला वाटलं.

सायली गाडी घेऊन आलीच होती. "एवढ्या लवकर सगळे निघाले? कसं झालं?"

"फर्स्ट क्लास! सलग सात मिनिटं बोललो. एकाचंही नाव राहिलं नाही."

मी सगळं सांगितलं. टर्कीपर्यंत ती ऐकत होती. भोपळ्याचा पाय आला तेव्हा तिने गाडीचा वेग कमी केला. जॉशचं नाव आलं तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं.

"अरे येड्या! ते सांगू नकोस म्हणाले होते ना?"

"म्हणाले होते. म्हणून तर—"

"इथे सांगू नकोस म्हणजे सांगू नकोस! नको म्हणजे नको! त्याच्या मागे दुसरं काही नसतं!"

"पण बापू..."

"बापू कराडला! गेली तुझी नोकरी. सोमवारी जा आणि पट्टे, चष्मे परत देऊन ये. आणि कुणी 'नको' म्हणालं तर तिथेच थांब. शपथ घे माझी."

घेतली. रविवारभर भिंतीकडे बघत बसलो. आठ वर्षांत मी एवढा कधी शरमलो नव्हतो. नोकरी जाण्याचं तर दुःख होतंच, पण जी एकमेव गोष्ट मला येते असं मी समजत होतो, तीही मला येत नव्हती.

सोमवारी कॅरोलच्या समोर उभा राहिलो. टेबलावर कागद होता.

"सकाळपासून तीन माणसं येऊन गेली," ती म्हणाली. "मरे, ब्रॉन्विन आणि जॉश. तिघांचं म्हणणं एकच, तुला काढून टाक."

मी मान खाली घातली.

"आणि इथे काय चाललंय हे मला सांगणारा तू एकटाच माणूस निघालास. पालकांशी फार बोलू नकोस. खरं तर अजिबातच बोलू नकोस. पण माझ्याशी बोल. हे कॉन्ट्रॅक्ट. सही कर. आणि आजचं पहिलं काम, बाळांचा पूल पूर्ण रिकामा करून घास. मरे मदतीला आहे."

माझे डोळे भरून आले. मी म्हणालो, "मॅडम, तुमचे आभार—"

"अरे नको, नको," कॅरोल हात हलवत म्हणाली. "माझे आभार कसले?"

मी तिथेच थांबलो. नको म्हणजे नको! शपथ घेतली होती. "ओके," म्हणालो, सही केली आणि सरळ बाहेर पडलो. किती अभिमान वाटला स्वतःचा! सुधारलो की हो मी!

रिसेप्शनवर ब्रॉन्विन बसली होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आता तरी मानलेस का तिचे आभार?"

"कुणाचे?"

"कॅरोलचे! घर तिचं, जेवण तिचं, दोन दिवस राबली ती. तू पुलाचे आभार मानलेस, माझ्या मेलेल्या आजीचे मानलेस, कुत्र्याचे मानलेस. तिचं नावच नाही घेतलंस! शनिवारपासून वाट बघतेय ती."

मी मागे वळून पाहिलं. काचेपलीकडे कॅरोल माझ्याकडेच बघत होती. तो चेहरा मी ओळखतो. पुऱ्या नसलेल्या वर्षी बापूंचा अगदी तस्साच होता.

बारा माणसांत एकच बाई अस्सल कराडचं 'नको' म्हणाली, आणि मी नेमका त्याच दिवशी न्यूझीलंडचा झालो होतो.