गणूमामांनी घेतलेला माझा इंटरव्ह्यू

मंगळवार पेठेतल्या गणूमामा लाँड्रीवाल्यांचं नाव आधी लिहितो, बाकीचं मागाहून. ते नसते तर आज मी कोल्हापुरात छापखान्यात उभा नसतो. आजऱ्याला मावशीच्या पडवीत काजू फोडत बसलो असतो.

त्या दिवशी मी कापडाच्या एका दुकानातून नकार घेऊन थेट त्यांच्याकडं आलो होतो. चांगला शर्ट माझ्याकडं एकच, आणि त्याला इस्त्री मामांनीच करून दिली होती.

"काय गा, झालं का काम?"

"न्हाय मामा."

"काय काय इचारलं मालकानं?"

मी सांगितलं. शाळा का सोडली, असं विचारलं. मी म्हणालो, आजारी होतो. त्यावर मालक म्हणाले, "अजून पडतोस काय आजारी?" मग विचारलं, काय काय येतं? म्हणालो, काही येत नाही. आधी कुठं काम केलंय? नाही. शेवटी मालक म्हणाले, "बरं, कळवू." माझा पत्ता मात्र त्यांनी विचारला नाही.

मामांनी कोळशाची इस्त्री बाजूला ठेवली.

"खरंच आजारी हुतास?"

"न्हाय. शाळा नदीपल्याड होती. आमच्या चंदगडाकडं पाऊस लागला की चार-चार महिने वाट बंद. मागं पडलो, मग सहावीतून सुटली."

"मग हे सांगाय लाज कसली? पाऊस तू पाडलास व्हय?"

आमच्याकडं थोरांसमोर 'मला येतं' म्हणणारं पोरगं आगाऊ ठरतं. 'काय नको' आणि 'काय येत न्हाय' ही दोन वाक्यं लहानपणापासून तोंडात बसलेली. तीच मी दुकानदारासमोर काढली.

इंटरव्ह्यू हा शब्दसुद्धा मी मामांच्या दुकानात शिकलो. नोकरी देण्याआधी समोर उभं करून प्रश्न विचारतात, त्याला इंटरव्ह्यू म्हणतात. पेठेतली पोरं इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी कपडे इस्त्रीला टाकत. न्यायला येताना घाबरलेली असत. पुन्हा धुवायला टाकायला आली की सगळं बोलून मोकळी होत. त्यामुळं कुठं काय विचारतात हे मामांच्या कानावर आपोआप येई.

"उद्या सांजच्याला ये," मामा म्हणाले. "मी साहेब बनतो."

श्रावण संपेपर्यंत नोकरी नाही लागली तर परत ये, असा आईचा निरोप होता. श्रावण निम्मा सरला होता. मी गेलो.

मामा टेबलामागं ताठ उभे राहिले. "नाव काय?"

मी खाली बघत नाव सांगितलं.

"खाली काय हुडकतोस? रुपाया पडलाय काय? वर बघ. हात मागं का?"

हात मी नेहमीच मागं ठेवायचो. बोटं काळपट डागांनी भरलेली. मामांनी ओढून पाहिली.

"हे कसलं?"

"काजूच्या टरफलाचं तेल. शाळा सुटल्यावर आजऱ्याला मावशीकडं फोडायला बसायचो. मग सोलायचे. अख्खे एकीकडं, पाकळ्या एकीकडं, तुकडे एकीकडं."

"किती वरसं?"

"तीन."

"आन् कापडवाल्याला म्हणालास, काम केलं न्हाय?"

"ते घरचं काम मामा."

"घरचं काम करताना हात शेजाऱ्याचं हुतं काय रं?"

दुकानात एक गिऱ्हाईक बसलं होतं. ते खो खो हसलं. मलाही हसू आलं. कोल्हापुरात आल्यापासून मी पहिल्यांदाच हसलो असेन.

आठवडाभर असंच चाललं. येतं ते ठणकावून सांग. येत नाही तेही सांग, पण तिथंच थांबू नकोस, शिकवलं तर करतो म्हण. शाळेचं दोन वाक्यांत सांग, रडू नकोस. मामांचे नियम एवढेच.

मग एका छापखान्यात माणूस पाहिजे असल्याचं कळलं. मामा म्हणाले, "जा. पर माझं नाव घेऊ नकोस. इस्त्रीवाल्याचा वशिला लागत न्हाय कुठं."

छापखान्याचे मालक चष्म्यावरून बघणारे, कमी बोलणारे. शाळेचं विचारलं. नदी सांगितली. त्यांनी मान हलवली. काय काम केलंय? काजू सांगितले, निवडणं सांगितलं, हात पुढं केले.

"भाताच्या लावणीला गावी पळशील काय?"

"न्हाय साहेब. लावणीला घरी भाऊ हाईत."

इथवर सगळं मामांच्या तालमीतलं होतं. मग ते उठले आणि मला आत घेऊन गेले. छापखान्यात प्रत्येक अक्षराचा शिशाचा खिळा असतो. खिळे ठेवायची खणाखणांची लाकडी पेटी, तिला केस म्हणतात. कुणाच्या तरी हातून जुळवलेलं पान पडून खिळ्यांचा ढीग झाला होता.

"लाव हे ज्याच्या त्याच्या खणात."

मी एक खिळा उचलला. अक्षर उलटं! आरशात दिसावं तसं. छापल्यावर सुलटं यावं म्हणून ते तसं असतं, हे मला कुठं ठाऊक? 'काय येत न्हाय' अगदी ओठावर आलं होतं.

"साहेब, उलटी अक्षरं मला वाचता येत न्हाईत," मी म्हणालो. "पर प्रत्येक खणातला एकेक खिळा बघू द्या. सारख्याला सारखं लावतो."

त्यांनी बघू दिलं. मी लावत गेलो. काजूत डोळ्यांना हीच सवय झाली होती. दोन-चार खिळे चुकले, ते त्यांनी काढून माझ्या तळहातावर ठेवले. मी पुन्हा लावले.

"उद्यापासून ये. दिवाळीपर्यंत बघतो."

पळतच मामांकडं गेलो. सांगताना धड शब्द फुटेना. मामा म्हणाले, "उद्या हा शर्ट घालू नकोस. छापखान्याची शाई निघत न्हाय." आणि आत जाऊन बराच वेळ बाहेर आले नाहीत.

ती दिवाळी होऊन गेली, पुढचीही गेली. आता मी खिळे जुळवतो. नोकरीला निघालेल्यांना एवढंच सांगेन, हातानं जे केलंय ते तोंडानं सांगावं. जे येत नाही ते लपवून उपयोग नाही, पहिल्या तासात उघडं पडतं.

जोडाक्षरं अजून अडवतात, आणि मालकांनी हाक मारली की हात अजून मागं जातात. पण हात नीट बसला की मामांच्या दुकानासाठी पावतीपुस्तकं छापणार आहे. वर ठळक टाइपात त्यांचं नाव, मी स्वतः जुळवलेलं. कागदही माझाच. मामांना हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर "कशाला खर्चात पडतोस" म्हणून ओरडतील. ओरडू देत. मी छापणार.