मार्चअखेरची ओडी

बँकेने ओव्हरड्राफ्ट काढून घेतला तर काय करावं, असं मला अजूनही कोणी ना कोणी विचारतं. या विषयातला जाणकार म्हणून यवतमाळात माझी थोडीफार ख्याती आहे. मी सांगतो, पहिली गोष्ट म्हणजे बँकेचं पत्र घरातल्या निवृत्त कारकुनाला दाखवू नका.

मी दाखवलं होतं. बाबांनी चष्मा पुसला, जावक क्रमांक वाचला, तारीख वाचली, खालची सही उजेडात धरून पाहिली आणि पत्र परत दिलं. त्यात लिहिलं होतं की आमची ओडी, म्हणजे हाच ओव्हरड्राफ्ट, रद्द झाली आहे आणि महिनाभरात सगळी रक्कम भरली नाही तर तारण ठेवलेलं घर जप्त होईल. ते घर बाबांचंच होतं.

"पहिल्या पत्रावर कोणी हलते काय?" बाबा म्हणाले. "स्मरणपत्र येऊ दे. तू कायले घाबरून राह्यला?"

आमच्या घराण्यात सगळे नोकरीवाले. कोणी तहसीलमध्ये, कोणी जिल्हा परिषदेत, कोणी सिंचन खात्यात. धंद्यात पडलेला मी पहिलाच, आणि पडलो हे अगदी खरं. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत प्लॉट घेतला, शेड टाकली आणि जिनिंगच्या यंत्रांना लागणारे चामड्याचे रोलर बनवायला लागलो. कापसातून सरकी वेगळी करता करता हा रोलर झिजतो आणि हंगामागणिक नवा लागतो. जिल्ह्यात कापूस आहे तोवर आपल्याला मरण नाही, असा माझा बिनचूक हिशेब होता. कापूस असूनही धंद्याला मरण येऊ शकतं, हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं?

चामडं रोखीने घ्यायचं आणि रोलर उधारीवर द्यायचे, ही आमच्याकडची रीत. मधला काळ निभवायला ओडी. खात्यात पैसे नसले तरी ठरलेल्या मर्यादेपर्यंत काढायचे, आले की भरायचे, काढले तेवढ्यावर व्याज. हे सगळं मी बाबांना नीट समजावून सांगितलं होतं. त्यातला एकच शब्द त्यांच्या कानात शिरला. मंजूर.

मंजूर म्हणजे निधी. आणि मंजूर निधी मार्चअखेर खर्च झाला नाही तर परत जातो, पुढच्या वर्षी कमी मिळतो, हे बाबा चौतीस वर्षांच्या नोकरीत शिकले होते. दुसरं काही शिकले होते असं मला वाटत नाही. फेब्रुवारी सरला की ते रोज संध्याकाळी विचारत, "किती शिल्लक हाये?" मी आकडा सांगितला की त्यांचा जीव खालीवर होई. "लॅप्स जाईन ना बाप्पा! काहीतरी घेऊन टाक."

मग आम्ही काहीतरी घेऊन टाकायचो. एका मार्चात लोखंडी कपाट, पुढच्या मार्चात आणखी एक, मग वॉटर कूलर, मग फिरती खुर्ची, जिच्यावर बसायला शेडमध्ये कोणाला सवडच नव्हती. वडीलधाऱ्या माणसाचा शब्द, आणि खरं सांगायचं तर ते बोलत तेव्हा मलाही वाटे की आपला पैसा फुकट चाललाय. रक्तातच होतं ते.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. भाव पडले, जिनिंगा एकेक करून बंद राहू लागल्या. मी उधारी मागायला बाभुळगावकडे गेलो की जिनिंगवाला चहा पाजायचा आणि स्वतःच्या बँकेचं पत्र दाखवायचा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तिकडे आमचा जिल्हा रोज पेपरात. मंत्री येत, हेलिकॉप्टरं उतरत, पॅकेजं जाहीर होत. मुंबईत बसलेल्या कोणा साहेबाने ते पेपर वाचले असावेत आणि कापसाचा वास येणारी सगळी खाती आवळायचा हुकूम काढला असावा. पॅकेज वाटेत कुठे अडकलं ते कळलं नाही. हुकूम मात्र आठवड्यात पोचला.

स्मरणपत्र आलं नाही. बँकेने चामड्यासाठी मी दिलेला चेक परत पाठवला, खातं गोठवलं आणि घरी माणूस पाठवून दारावर नोटीस डकवली. तेव्हा बाबा ताडकन उठले. त्यांना घर जाण्यापेक्षा स्मरणपत्राशिवाय कारवाई होण्याचा धक्का जास्त बसला होता.

आम्ही दोघं बँकेत गेलो. मॅनेजर पुण्याकडचे, यवतमाळला बदली झाल्यापासून जगावर रुसलेले. त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला.

"मंदी सगळ्यांनाच आहे हो. पण काही खाती आम्ही चालू ठेवली. तुमचं का नाही ठेवलं, बघा. दर मार्चला काठोकाठ. शेवटचा रुपयासुद्धा काढलेला. बुडणारा माणूसच असं करतो."

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मॅनेजरकडे पाहिलं, जणू एखाद्या नवशिक्या कनिष्ठ लिपिकाकडे पाहावं.

"मंग काय लॅप्स होऊ द्याचं?"

मॅनेजरना काही कळलं नाही. मला सगळं कळलं आणि हसावं की टेबलावर डोकं आपटावं ते समजेना. शेवटी मी हात जोडून विचारलं की एकदम भरणं शक्य नाही, याचे हप्ते पाडून द्याल का? हे पहिल्याच दिवशी, पत्र हातात पडल्या पडल्या विचारायला हवं होतं. कोणी सल्ला मागितला तर मी एवढंच गंभीरपणे सांगतो.

मॅनेजर म्हणाले, "देऊ. सात वर्षांचे. पण तुमच्या धंद्यावर आमचा भरवसा नाही. बाबांच्या पेन्शनमधून कापू."

मी नको म्हणालो. शेड विकतो म्हणालो. तोवर बाबांनी सही करून टाकली होती, वळणदार, खाली तारखेसह.

"शेड राहू दे," ते म्हणाले. "घराण्यात एकानं तरी मालक राह्यलं पाह्यजे." मग मॅनेजरना विचारलं, "आन मधातच मी गेलो तं?"

"तर कुटुंब निवृत्तिवेतन निम्मं होईल. मग पुन्हा बघावं लागेल," मॅनेजर मान वर न करता म्हणाले. मला त्या माणसाची कॉलर धरावीशी वाटली. बाबा मात्र खूश दिसले. उत्तर नियमाला धरून होतं.

दुसऱ्या दिवसापासून बाबा पहाटे फिरायला जाऊ लागले. चहातली साखर सुटली, तळलेलं सुटलं. जन्मभर डॉक्टरला न जुमानलेला माणूस दर महिन्याला बीपी तपासून येई. शेजारीपाजारी कौतुक करत, या वयात काय शिस्त! आई पोह्यांवर शेव घालायला गेली की ते ताटली बाजूला सरकवत आणि म्हणत, "बँकेनं मनाई केली हाये." आम्ही हसायचो. मीही हसायचो, शेड चालवायचो, अधूनमधून एखादा रोलर विकायचो.

पाचव्या वर्षी, भर दुपारी त्यांच्या छातीत कळ आली. ऑटोत मी त्यांना धरून बसलो होतो. घामाने सदरा भिजला होता. माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटं उमटली. मला वाटलं, आईचं काही सांगतील.

"दोन वर्ष राह्यले रे आजून," ते म्हणाले. "डॉक्टरले सांग."

ते वाचले. महिनाभरात मी शेड विकली, यंत्रांसकट, कपाटांसकट, आली त्या किमतीला, आणि बँकेचं खातं मिटवून टाकलं. घरी येऊन बाबांच्या उशाशी बसलो आणि सांगितलं की आता हप्ता नाही, काही नाही, तुम्ही फक्त आराम करा.

त्यांचा चेहरा पडला. नोकरीतून काढून टाकलेल्या माणसासारखे ते माझ्याकडे बघत राहिले.

"काहून इकली?" ते म्हणाले. "मी होतो ना आजून."