उलट्या आट्यांचा पंखा

मोहाडीचे प्लगमामाजी कुठलंही इंजिन हातात आलं की आधी त्याचा प्लग खोलत आणि उजेडात धरत. "जीभ दाखव," असं इंजिनालाच म्हणत. प्लग चहासारखा तपकिरी निघाला तर इंजिन ठणठणीत. काळा म्हणजे पेट्रोल जास्त पितंय, पांढरट म्हणजे उपाशी. माणसांनाही ते तसंच निरखत. मी पहिल्यांदा दुकानात गेले, तेव्हा माझं काम विचारायच्या आधीच म्हणाले, "प्लग पांढरा दिसून राहिला, माय. जेवली नाई काय?"

खरंच जेवले नव्हते. भंडाऱ्याच्या कॉलेजात मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते आणि आम्हा चौघींना रिमोटने चालवायचं, पेट्रोलवर उडणारं छोटं विमान बनवायचं होतं. सांगाडा तयार होता, इंजिन नव्हतं. परीक्षकांसमोर विमान उडालं नाही तर आम्ही नापास, पदवी वर्षभर पुढे. माझ्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. बाबा हातमागावर बसत, आणि त्यांनी आमच्या गल्लीत पेढे आधीच कबूल करून टाकले होते.

मामाजी लाकूडतोड्यांच्या चेनसॉ दुरुस्त करत. त्या आवाजाने त्यांचे कान निम्मे गेले होते. कामातून गेलेल्या मशीन दुकानात खुंट्यांना टांगलेल्या असत. माझं म्हणणं त्यांनी दोनदा मोठ्याने सांगायला लावलं आणि मग एक मशीन खाली काढली. "हिनं लई झाडं पाडली. आता हिलेच झाडाच्या वर धाडू."

विमान त्यांनी कधी जवळून पाहिलं नव्हतं, पण काय काढायचं ते त्यांना लगेच कळलं. साखळी, पट्टी, साखळीला तेल देणारा पंप, जाड कवच, क्लच, सगळं गेलं. एका बाजूचं जड चाक त्यांनी लेथवर घासून हलकं केलं. त्यातल्या चुंबकांना मात्र मला बोट लावू दिलं नाही. "ठिणगी त्याच्याच भरोशावर हाय. ते हाललं तर इंजिन मेलं." क्लच काढल्यावर दांड्याचं जे टोक मोकळं झालं, त्यावर पंखा बसवायचा ठरला. पंखा त्यांनी शिवणीच्या झाडाच्या लाकडातून स्वतः कोरला, पुस्तकातलं चित्र समोर ठेवून. आठवडा लागला. इतका देखणा झाला होता की येणारा-जाणारा त्यावर हात फिरवून जाई.

परीक्षा सोमवारी होती. शुक्रवारी इंजिन चाकांच्या फळीवर बांधून सुरू केलं. फळीने पुढे ओढ घ्यायला हवी होती. ती मागे सरकली आणि मामाजींचा चहा सांडला.

"हवा उलटी फेकून राहिला हा!" ते ओरडले.

"पलटवून लावू, मामाजी," मी म्हटलं. चौथ्या वर्षाची विद्यार्थिनी मी. त्यांनाही ते पटलं. पंख्याची पुढची बाजू मागे करून लावला, दोर खेचला. फळी पुन्हा मागेच आली.

मला रडू येत होतं. मामाजींना मात्र कुतूहल वाटत होतं. त्यांनी एक नट बोल्टवर फिरवला, मग काढून पालटून फिरवला. दोन्ही वेळा तो तसाच चढला; पालटला तरी आट्यांचं वळण तेच राहिलं, पंख्याच्या वळणाचंही तसंच होतं. मग काढून ठेवलेला क्लच उचलला, त्याच्या आट्यांवर नख फिरवलं आणि हसत सुटले. "काय बुद्दू हाय मी! तीस वर्सं हा क्लच उलटा फिरवून खोलून राहिलो. कायले उलटा, ते कधी इचारलंच नाई."

घड्याळ मागून पाहिलं तर काटे उलटे फिरताना दिसतील; तसाच एकच दांडा क्लचच्या टोकाकडून पाहिला तर उलटा फिरतो. पुस्तकातला पंखा दांड्याच्या दुसऱ्या, जड चाकाकडच्या टोकासाठी होता. आमच्या टोकाला उलट्या वळणाचाच पंखा हवा होता.

"मग दुसरा कोरून द्या ना, मामाजी. दोन दिवस आहेत."

"मी नाई. मी कोरला त पुन्हा उजवाच होईन, हाताले सवय पडली. तुवा हात कोरा हाय. तूच कर."

शनिवार-रविवार मी त्यांच्या दुकानात बसून कोरला. ते शेजारी बसून फक्त "अजून" म्हणत. शेवटचा हात घरी फिरवला; बाबा हातमागाचा धोटा गुळगुळीत करायला काचेचा तुकडा वापरतात, तोच घेतला. बाबांनी पंखा सळईवर तोलून पाहिला आणि जड पात्याचा चिमूटभर भुगा काढला.

सोमवारी कॉलेजमागच्या कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांच्या कडेला, कच्च्या वाटेवर विमान ठेवलं. ते धावलं, अडखळलं, उचललं गेलं. मामाजी डोळ्यांवर हात धरून उभे होते. "सुरू हाय ना?" त्यांना आवाज येत नव्हता.

"हाव, मामाजी, सुरू आहे!"

विमान उतरल्यावर परीक्षक माझ्याशी बोलत होते, तेवढ्यात मामाजींनी तिकडे जाऊन प्लग खोलला. दुरूनच वर धरून मला दाखवला. तपकिरी.

मामाजी गेल्याला दोन वर्षं झाली. मी आता पॉलिटेक्निकला शिकवते. तो पहिला, देखणा पंखा आमच्या प्रयोगशाळेत टांगलेला आहे. दरवर्षी कोणीतरी म्हणतं, "मॅडम, पलटवून लावला तर चालेल." मी पंखा काढून हातात देते. आणि सिहोऱ्याहून पहिल्या बसने आलेली एखादी मुलगी फिकट चेहऱ्याने दारात उभी दिसली, की काम विचारायच्या आधी जे विचारायचं ते विचारते.