चोवीस-शून्यवर थांबलेली मॅच

रविवारी दुपारी धारूरला आमच्या घरी बऱ्याच महिन्यांनी माणसं जमली होती. सुनंदाच्या रग्बीच्या सहा पोरी आणि कोमलचे वडील अंकुशराव. एकीने मोबाइल टीव्हीला जोडून दिला आणि सगळे सतरंजीवर बसले.

सुनंदा माझी बायको. इथल्या शाळेत खेळाची शिक्षिका होती, तिला जाऊन सात महिने झाले. इथे त्याबद्दल मी काही लिहिलं नव्हतं... आजही फक्त मॅचबद्दल लिहायचं ठरवून बसलोय.

कोमल तिची विद्यार्थिनी. घाटाजवळच्या वस्तीवरून रोज पायी यायची. आता ती भारताच्या मुलींच्या संघातून परदेशात खेळायला गेली आहे.

स्पर्धेत तीन गट होते, प्रत्येक गटात तीन संघ. प्रत्येक गटातला पहिला सेमीफायनलला जाणार, आणि तिन्ही दुसऱ्यांमधला जो सरस, तो चौथा. सरस कोण ते कसं ठरवायचं? विजय सारखे असतील तर गुणांचा फरक बघायचा... किती मारले, किती खाल्ले.

आमचा संघ शनिवारी तगड्या संघाकडून १९-७ ने हरला. रविवारी सकाळी दुबळ्या संघाला २४-० ने हरवलं. म्हणजे फरक अधिक बारा.

ती सकाळची मॅच मी एकट्याने पाहिली होती. समोरच्या संघातल्या काही मुली जखमी होऊन बाहेर गेल्या, बदली खेळाडू उरल्या नाहीत, सातच्या जागी सहाच जणी खेळत होत्या. तीन-चार मिनिटं बाकी असताना कोमलच्या हातात बॉल आला आणि समोर मैदान मोकळं होतं. ती थोडी धावली, मग वेग कमी केला आणि कडेला जाऊन बॉल रेषेबाहेर टाकला.

कॉमेंट्री करणाऱ्याला काही कळेना. मला कळलं.

सुनंदाचा नियमच होता तो. वीसच्या पुढे गेलो की गुण घेणं बंद, नुसते पास खेळायचे. पन्नास-शून्यने हरलेल्या मुलीला आपल्याकडे घरचे परत मैदानावर पाठवत नाहीत, हे तिने इतक्या वेळा पाहिलं होतं... लोक हसले, एवढं कारण पुरतं. "उद्या खेळायला समोर कुणीतरी पाहिजे ना," म्हणायची.

कोमलला तसं थांबलेलं पाहून मला फार बरं वाटलं. सात महिन्यांत पहिल्यांदाच.

दुपारी दुसऱ्या एका गटाची शेवटची मॅच होती; उरलेल्या गटातला दुसरा संघ आमच्या मागेच पडला होता. त्यातला एक संघ आदल्या दिवशी ३१-० असा सपाटून हरला होता. आता त्यांच्या समोर दुबळा संघ होता, आणि आपल्याला नेमके किती गुण लागतात ते त्यांना माहीत होतं. आमच्या पोरी सकाळी खेळल्या तेव्हा असला आकडा कुणाच्याच हातात नव्हता.

त्यांनी थांबायचं नावच घेतलं नाही. समोरच्या मुली दमून उभ्या राहायला लागल्या तरी नाही. शेवटच्या मिनिटाला स्कोअर ३८ होता... त्यांनी अजून एक ट्राय केला, बॉल शेवटच्या रेषेपलीकडे टेकवून पाच गुण घेतले. ४३. फरक आमच्याइतकाच झाला.

आता फक्त ट्रायनंतरची दोन गुणांची किक बाकी होती. "चुकीव गं बाय, जत्रंला पेढे देते तुला," एक पोरगी टीव्हीला हात जोडून म्हणाली. बाकीच्या हसल्या. किक मधोमध गेली.

४५-०. त्यांचा फरक चौदा, आमचा बारा.

अंकुशरावांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि माझ्याकडे वळले. "आवं, आमच्या पोरी थोडक्यात हरल्या. ह्या तर काल लई मार खाऊन हरल्या. तरी ह्याच फुडं कावून?"

मी नियम समजावून सांगितला. सांगताना मलाच तो पटत नव्हता. दोन्ही संघ एकमेकांशी खेळलेच नाहीत, मग कोण चांगलं ते तिसऱ्याच कुणाला किती तुडवलं यावर ठरलं...

मग एका पोरीच्या तोंडून सकाळचं निघून गेलं, कोमलने बॉल बाहेर टाकल्याचं. "मॅडमनी शिकिवलं व्हतं का?" अंकुशरावांनी विचारलं. मी हो म्हणालो.

"मग काय बोलावं," एवढंच म्हणून ते चपला घालायला उठले. त्यापेक्षा भांडले असते तर बरं झालं असतं.

सोमवारी सकाळी कोमलचा फोन आला. मॅनेजरने सगळ्यांसमोर विचारलं होतं, बॉल बाहेर का टाकला म्हणून. तिने मॅडमचं नाव घेतलं नाही, चूक झाली म्हणाली. पुढच्या निवडीचं काय होईल ते तिला माहीत नव्हतं. ती रडत नव्हती, आवाज मात्र कोरडा झाला होता.

"काका, परत असं झालं तर थांबू का नको?"

सुनंदा काय म्हणाली असती ते मला शब्दाशब्दाने माहीत होतं. पण उद्या त्या पोरीला संघाबाहेर बसवलं तर सुनंदा तिच्यासाठी भांडायला येणार नव्हती. आणि मी आयुष्यात कुणाशी भांडलेलो नाही.

"नको थांबू," मी म्हणालो.

"बरं काका," म्हणाली आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मला काही सुचत नाही. दवाखान्यातून एकटाच परत आलो त्या दिवशी घरात जसं झालं होतं, तसंच परत झालंय... फरक एवढाच की या वेळी माझ्या हाताने झालं.

कोमल फार गुणी पोर आहे, सांगितलेलं सगळं ऐकते. हे एक तिने ऐकू नये.