वाळूचं मडकं

ही गोष्ट मी अजून कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही — आणि तिला तर माझ्या तंबाखूच्या डबीची नवी जागा दुसऱ्याच दिवशी सापडते. तुमच्याजवळ बोलतोय, कारण तुम्ही त्या गावचे नाही. गावाचं नाव विचारू नका. सिहोऱ्याकडचं, बावनथडी नदीच्या काठचं, धानाचं एक गाव. एवढं पुरे.

आणीबाणी उठून गेली होती. मी पंचविशीतला, आरोग्य सेवक म्हणून नवा नवा लागलेला. काम काय? तापाच्या गोळ्या वाटायच्या आणि विहिरींत ब्लिचिंग पावडर टाकायची. लोक मला पावडरवाला म्हणायचे, पोरी तोंडाला पदर लावून हसायच्या. मी चिडायचो. पण खरं सांगू? ते काम मला जीव की प्राण होतं.

त्याला कारण एक पेटी. तिच्यात काचेच्या दोन नळ्या आणि थेंबांची एक बाटली. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं. पाण्यात औषध असेल तर पाणी पिवळं होतं, नसेल तर जसंच्या तसं. बस्, एवढंच. पण मला वेड लागलं! तुमसरच्या बस स्टँडवरचं पाणी तपासलं, सासरच्या माठातलं तपासलं — सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत — देवळातलं तीर्थसुद्धा सोडलं नाही.

आणि ते मडकं! पावडर नुसती बादलीत कालवून ओतली तर दोन दिवसांत तिचा जोर संपतो. म्हणून आम्हाला मडक्याची युक्ती शिकवली होती. नव्या मडक्याच्या बुडाला बारीक भोकं पाडायची, त्यांवर खडे पसरायचे, मग एक वाटा पावडर आणि दोन वाटे वाळू मिसळून भरायची आणि दोरानं मडकं विहिरीत पाण्याखाली सोडायचं. वाळू पावडरला धरून ठेवते. औषध थोडं थोडं झिरपत राहतं, आठ-पंधरा दिवस. कोणाच्या डोक्यात आलं असेल हो हे? आमचा कुंभार मात्र कपाळाला हात लावून बसला. "लोकं भोकाचं मडकं वापस आणून देतेत, अन् तुम्ही भोकं पाडाले इकत नेता?"

गावात विहिरी दोन. एक देवळाजवळची, गावची. दुसरी बौद्ध मोहल्ल्यातली. वैशाखात दोन्हींचं पाणी बुडाला गेलं होतं, गढूळ. आजूबाजूच्या खेड्यांत हगवण-ओकाऱ्या सुरू झाल्याचं कानावर येत होतं. मी गावच्या विहिरीत मडकं सोडलं आणि नळीत त्या पाण्याला पिवळा रंग आला, तेव्हा मी एकटाच टाळी वाजवली.

मग माझ्या मनात आलं — हे पिवळं होतं ते ठीक. पण माणसं खरंच वाचतात का याच्यानं? की आपण उगीच मडकी बुडवत फिरतोय? वरचे साहेब सांगतात म्हणून मानायचं? डोळ्यांनी कसं बघायचं? दोन विहिरी आहेत. एकीत —

थांबा. आधी पंचफुलाबाईंचं सांगतो.

पंचफुलाबाई मोहल्ल्यातल्या. धानाच्या रोवण्याला, कापणीला जायच्या. नवरा नव्हता, एकच लेक, रमा, ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना. बाईंचा आवाज असा की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या गावचा माणूस वळून बघायचा. त्या मोहल्ल्यातल्या बाया तेव्हा पिण्याचं पाणी विहिरीचं आणतच नव्हत्या. नदीच्या वाळूत झिरा उकरायच्या — खड्ड्यात हळूहळू स्वच्छ पाणी जमतं, ते वाटीनं भरायच्या. पाऊण कोस जाणं, पाऊण कोस येणं. लेकीच्या पोटी पोर म्हणून बाई घाईला आल्या होत्या. सरळ माझ्या दारात आल्या. "जयभीम साहेब. गावच्या विहिरीत मडकं सोडलं, आमच्या काहून नाही?"

मी म्हटलं, उद्या सोडतो.

आणि दुसऱ्या दिवशी सोडलं. सगळा मोहल्ला जमला होता. मी दोर बांधला, मडकं खाली गेलं, बुडबुडे आले. मी त्यांना सांगितलं, आता झिऱ्यावर जायची गरज नाही, हेच पाणी प्या. पंचफुलाबाईंनी दोन्ही हात जोडले.

त्या मडक्यात नुसती वाळू होती.

पावडर कमी पडली म्हणून नाही. डबा अर्धा भरलेला होता, माझ्याच खाटेखाली. मला बघायचं होतं. एका विहिरीत औषध, एका विहिरीत नाही, मग काय होतं? नुसतं बघायचं होतं — लहान पोर मुंगीच्या वाटेत बोट ठेवतं तसं. पंधरा दिवसांनी खरी पावडर टाकू, कोणाला कळणार आहे, असं मी स्वतःला म्हटलं.

मग मी रोज दोन्ही नळ्या घेऊन बसायचो. गावची पिवळी, मोहल्ल्यातली साधी. खिशातल्या वहीत लिहायचो. गावातल्या बाया कुरकुरायच्या, भाताला दवाईचा वास येते म्हणून. पंचफुलाबाई मात्र चारचौघींत माझं कौतुक करायच्या. "आमच्या विहिरीले साहेबानं चांगल्यातली दवाई टाकली. वासबी नाही!"

मी ते ऐकायचो आणि नळीत थेंब टाकायचो.

दहाव्या दिवशी मोहल्ल्यात तीन घरी हगवण लागली. गावात एकालाही नाही. तो निरोप ऐकल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं, सांगू? आनंद झाला. हो. औषध काम करतं! मडकं काम करतं! क्षणभरच, पण झाला. मग मी विचारलं, कोणाकोणाच्या घरी? आणि तिसरं नाव पंचफुलाबाईंचं निघालं.

मी पळत गेलो. मीठ-साखरेचं पाणी करून पाजायचा प्रयत्न केला. ओठांतून खाली जाईना. बंडी जुंपली, तुमसरच्या रस्त्याला लागलो. रमा डांबरी रस्ता दिसायच्या आधीच गेली. पोटातलं लेकरू पण.

त्याच संध्याकाळी मी ते मडकं वर ओढलं आणि पावडर भरून परत सोडलं. लोकांना वाटलं, साहेबाला किती काळजी.

आता तुम्ही विचाराल — दोन विहिरींतली तीच का निवडली? चिठ्ठ्या टाकल्या होत्या का? नाही. कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत होतो, गावच्या विहिरीत मडकं आधीच सोडलेलं होतं म्हणून. खोटं आहे. गावच्या विहिरीचं पाणी मी पीत होतो. त्या मोहल्ल्यात मी रोज जायचो आणि कोणी पाण्याचा गडवा पुढे केला की म्हणायचो, आत्ताच प्यालो. एकदाही प्यालो नाही. त्यांच्या जयभीमला मी नमस्कार म्हणायचो. तिथं काही झालं तर मला जाब विचारायला कोणी येणार नाही, हे मला ठाऊक होतं. तसं कोणी आलंही नाही.

पण मी सांगायला बसलो ते एवढंच असतं तरी मी कदाचित पचवलं असतं. पुढचं पचत नाही.

चौथ्या दिवशी पंचफुलाबाई माझ्याकडे आल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेब, मीनंच घात केला. तुम्ही सांगतलं होतं विहिरीचंच पाणी पाज म्हणून. रमीले झिऱ्याचं गोड लागे. म्हणून मीनं एक दिवस लपून तिले झिऱ्याचं पाणी आणून पाजलं. त्याच्यानंच झालं ना?"

बघा. दार उघडं होतं. एक वाक्य बोलायचं होतं.

मी म्हणालो, "झिऱ्याचं पाणी चांगलं नसते, बाई."

त्यांनी मान डोलावली आणि गेल्या.

माझी बदली वरठीकडे झाली, वहीचं पान मी फाडून चुलीत घातलं. सात-आठ वर्षांनी कामानिमित्त परत त्या गावी गेलो. मोहल्ल्यात हातपंप लागला होता. पंपावर एक गरोदर पोरगी पाणी भरत होती आणि शेजारी पंचफुलाबाई उभ्या. आवाज पार बसला होता. तिला सांगत होत्या, "हातपंप बिघडला तरी झिऱ्यावर नोको जाऊ वो माय. मीनं माह्या हातानं माही रमी घालवली." तेवढ्यात मी दिसलो. चेहरा उजळला. "सांगा ना साहेब तिले, तुमचं ऐकन."

मी काय केलं असेल? मान हलवली. हो म्हणून.

त्या वेळी परत जाताना नदीवर उतरलो. वाळूत हातानं झिरा उकरला, पाणी निवळू दिलं आणि ओंजळीनं पोटभर प्यालो. मला काही झालं नाही. पुढं दोन वर्षांनी पंचफुलाबाई गेल्याचं कळलं. तोवर मला तिथं जाऊन बोलायला कोणी अडवलं नव्हतं.

रमाला तिच्या आईनं लपून पाजलेलं पाणी चांगलं होतं. वाईट होतं ते विहिरीतलं, जे पाजायला मी सांगितलं होतं. मडक्यात वाळू होती, आणि ती मी माझ्या हातानं भरली होती.