नझीरभाई नावाची सवत

नझीरभाई आमच्या ओटीवर आले की आधी चहा घेत नसत, पाणीसुद्धा घेत नसत. खिशातून एक चौकोनी रुमाल काढायचे, बाकावर अंथरायचे, त्याचे कोपरे हाताने सारखे करायचे आणि त्यावर एकेक हत्यार मांडायचे. पाइपात तंबाखू दाबायचा दट्ट्या, आतली जास्तीची काजळी खरवडायचं कोरणं, भोक मोकळं करायचा टोचा, आणि दांडीच्या आतून फिरवायच्या केसाळ तारा. तारा संपल्या असल्या तर आमच्याच माडाच्या झावळीचा हीर काढून त्याला चिंधी गुंडाळायचे. सगळ्यात शेवटी तंबाखूचा बटवा. तंबाखू सुकू नये म्हणून त्यात कौलाचा एक ओला तुकडा ठेवलेला असे. एवढा संसार मांडून झाला की मान वर करून म्हणायचे, "हां, बोला आता मिस्त्री."

मिस्त्री म्हणजे आमचे हे. आणि मी या नझीरभाईंवर जळायचे, हे आधीच सांगून टाकते. बायका बायकांवर जळतात. मी जळत होते एका पांढऱ्या दाढीच्या, जहाजावरून निवृत्त झालेल्या सेरंगावर, म्हणजे खलाशांच्या मुकादमावर. माझी बहीण किहीमहून आली की हसून विचारायची, "काय गं, तुझी सवत आली नाही का आज?"

हे कारखान्यात फिटर होते. तिथे साहेबापासून शिपायापर्यंत सगळे ह्यांना मिस्त्री म्हणत. निवृत्त होऊन मुरुडला घरी आले आणि ह्यांचा आवाजच गेला. गळ्याला काही झालं नव्हतं, बोलायचेच नाहीत. मागच्या पडवीत हौसेने आणलेला, धातू कातायचा लहान लेथ होता, त्यावर ताडपत्री टाकून मोकळे झाले. मी काय कमी केलं? संध्याकाळी किनाऱ्यावर नेलं, आवडीची सुरमई केली, विळीचा पाय डगमगतोय तेवढा बसवून द्या म्हणून रोज सांगितलं. सगळ्याला एकच उत्तर, "हूं."

अशात एके दिवशी फाटकाशी हाक आली. "राऊत मिस्त्री हितंच ऱ्हातात ना?" नझीरभाई आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचे, पण तोवर नुसती तोंडओळख होती. त्यांचा दट्ट्या होडीतून उतरताना पाण्यात पडला होता आणि ते अडकित्त्याच्या मुठीने तंबाखू दाबत होते. ह्यांनी पाइप हातात घेतला, आत बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, "ह्याचं माप घ्यायला लागेल." ह्यांच्या तोंडून एवढं अख्खं वाक्य मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. ताडपत्री निघाली, लेथ सुरू झाला आणि संध्याकाळपर्यंत पितळेचा दट्ट्या तयार. माझी विळी तिथेच डगमगत होती.

मग ते रोजचंच झालं. दट्ट्यामागून कोरणं आलं, पाइप ठेवायची शिसवी घोडी आली, राख झाडायला बुचाचा ठोकळा आला. हे स्वतः सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाहीत, त्यामुळे व्यसनाच्या नावाने ओरडायचीही सोय नव्हती. सकाळच्या चहाला ह्यांचं सुरू व्हायचं, नझीर म्हणत होता वादळ येणार, नझीर म्हणत होता खोबरेल घट्ट झालं की थंडी आली समजावं. चाळीस वर्षं खोबरेलाची बाटली मीच ठेवतेय या घरात.

आणि मी ऐकायचे. ओटीला लागून खिडकी आहे, तिच्याआड कोळंबी सोलत बसायचे. कोळंबी संपली तरी उठायचे नाही. नझीरभाई बोलायचे छान, तेही कबूल केलं पाहिजे. एकदा मी मुद्दाम बाहेर येऊन म्हटलं, की ओढायचं पाच मिनिटं आणि पुसायचं तासभर, हा कसला शौक. ते दट्ट्या पुसता पुसता म्हणाले, "भाभी, घाई असंल त्यानं बिडी ओढावी. जास्त दाबला तर धूर येत न्हाय, सैल सोडला तर जीभ भाजते. मानसाला बी असंच सांभाळायला लागतं." हे बोलणं माझ्यासाठी होतं की तंबाखूसाठी, ते मला कळलं नाही. मी आत जाऊन उगाच भांडी आपटली.

एका संध्याकाळी खिडकीतून ह्यांचा आवाज आला. हे सांगत होते की रात्री झोप लागत नाही, मशीनचा आवाज नाही म्हणून दचकून जाग येते, आपण जिवंत आहोत की नाही असं वाटतं. नझीरभाई म्हणाले, "माझं बी तसंच, मिस्त्री. जमीन हलत न्हाय ना." दोघं हसले. मी हातातली कोळंबी तशीच टोपात टाकली. ह्या माणसाशेजारी रोज रात्री मी झोपते. मला हे कधी सांगितलं नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नझीरभाईंच्या पाइपची दांडी सैल झाली, म्हणून ते पाइप ह्यांच्याकडे ठेवून गेले. ह्यांनी दांडी बसवली. पण फिटर माणूस, कार्बन दिसला की हात शिवशिवणारच. दुसऱ्या दिवशी हत्यारांची पूजा, मग त्यात पाहुण्याचं हत्यार मळकं कसं ठेवायचं? ह्यांनी पाइप आतून पार लाकडापर्यंत खरवडला, चकचकीत केला आणि पाटावर स्वतःच्या पान्यांशेजारी झेंडूचं फूल वाहून ठेवला. नझीरभाई सोनं द्यायला आले, पाइप उचलला, आत पाहिलं आणि खाली बसले. ती काजळी वर्षानुवर्षं ओढून ओढून जमवलेली होती. तिच्यामुळे लाकूड जळत नाही, तिच्यामुळेच चव लागते. हे ह्यांना कळलं तेव्हा ह्यांचं तोंड पाहवत नव्हतं. आता ही मैत्री तुटतेय, असं मला वाटलं आणि बरंही वाटलं.

नझीरभाई बराच वेळ पाइप फिरवत राहिले. मग म्हणाले, "मिस्त्री, इंजनातला कार्बन काढतात. पाइपातला पाळतात." आणि बटवा उघडून चिमूटभर तंबाखू भरली. "चला, पुन्यांदा पाळू. तुमी हाय, मी हाय."

त्यानंतर रोज एवढीशी तंबाखू जाळायची आणि काजळी किती चढली ते ह्यांनी मापून सांगायचं. दोघांची डोकी त्या पाइपवर वाकलेली. आधी निदान मी चहा घेऊन मध्ये जात होते, आता चहासुद्धा त्यांना दिसेना.

पुढे नझीरभाईंना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी पाइप बंद केला, तरी ते यायचे. रुमाल अंथरायचे, हत्यारं पुसायचे आणि रिकामा पाइप तोंडात धरून बसायचे. मग येणं थांबलं. एका दुपारी नमाज पढून आडवे झाले ते उठलेच नाहीत. हे कबरस्तानात माती देऊन आले आणि ओटीवर बसून रडले. सासूबाई गेल्या तेव्हाही मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते आणि माझ्या मनात आलं, माझ्या वेळी एवढं पाणी येईल का ह्यांच्या डोळ्यांत?

त्यांची बायको सकीनाभाभी नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीत होती, तिला परक्या पुरुषांनी भेटायचं नसतं, म्हणून मी एकटीच गेले. इतक्या वर्षांत ती आमच्याकडे एकदाही आली नव्हती. मला वाटायचं, गर्विष्ठ असेल. तिने मला जवळ बसवलं, थोडा वेळ ओढणीचं टोक चोळत राहिली आणि म्हणाली, "मी तुमच्यावर जाम जळायचे, भाभी."

मी तिचा हात हातात घेतला.

"सारी उमर दर्यावर. सुट्टीला यायचा तो पाव्हन्यावानी. रिटायर झाला, म्हटलं आता माझा. तर चार वाजले की रुमाल घेऊन तुमच्या ओटीवर. घरात गप. काय बोलायचा ओ तिकडं?"

मला सगळं ठाऊक होतं. सांगत बसले. वादळं, बंदरं, हलणारी जमीन, दसऱ्याचा पाइप. तो बिडीचा टोमणासुद्धा सांगितला. ती एकदा हसली, दोनदा डोळे पुसले. मग हळूहळू तिचा चेहरा आवळत गेला आणि तिने माझ्या हातातला आपला हात काढून घेतला.

"हे सगळं तुमी ऐकलंत," ती म्हणाली. "मी न्हाय."